चिनी स्थलांतरित आई आणि मुलगी: अपेक्षांच्या भांडणात नेमकं कुठे अडतं, आणि काय केलं की सुटतं?

कोरांटी

न्यूयॉर्कचं फ्लशिंग आणि सनसेट पार्क, कॅलिफोर्नियातलं कुपर्टिनो आणि आर्केडिया. इथल्या शाळांत, दवाखान्यांत, कॉलेजांच्या फीमदत कार्यालयांत काम करणाऱ्या मराठी मंडळींपुढे एक गोष्ट वारंवार येते: चीनमधून आलेली आई आणि अमेरिकेत वाढलेली मुलगी यांच्यातला अपेक्षांवरून होणारा कलह. मार्क, विषयाची निवड, मित्र, लग्न, पुढे आईला कोण सांभाळणार. मराठीत यावर जे लिहिलं जातं ते 'चिनी आया फार कडक' या वाक्याशी येऊन थांबतं आणि प्रत्यक्ष कामात त्याचा काडीचा उपयोग होत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढतेय. घरगुती किस्से नकोत. काय करावं, काय केलं की बिघडतं आणि का, एवढंच लिहा.

सुरुवात मी करते. दोघींपैकी कोणाशीही बोलायला बसण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: आई कोणत्या साली आली, कोणत्या प्रांतातून, कोणत्या कागदावर (म्हणजे कोणत्या व्हिसावर, की बिनकागद), आणि तिचं शिक्षण कुठे थांबलं. या चार उत्तरांवर पुढचं सगळं बदलतं.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर हाँगकाँग, तैवान आणि ग्वांगडोंगमधून नात्यागोत्याच्या आधारावर आलेल्या बायका मॅनहॅटनच्या चायनाटाउनमधल्या शिवणकारखान्यांत लागल्या. १९८२ साली तिथे सुमारे २०,००० चिनी कामगार बायकांनी संप केला होता, यावरून त्या धंद्याचा पसारा लक्षात येईल. यांच्या मुली आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या घरातला वाद मार्कांचा नाही, आईला कोणाकडे ठेवायचं याचा आहे.

दुसरा गट शिकायला आलेल्यांचा. १९८९ च्या तिआनमेन घटनेनंतर १९९२ च्या खास कायद्याने अमेरिकेतल्या हजारो चिनी विद्यार्थ्यांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. या आया स्वतः परीक्षेच्या चाळणीतून आलेल्या. घरात पैसा आहे, पुस्तकं आहेत, आणि मुलीने त्याच वाटेने जावं असा हट्टही.

तिसरा गट फूजौच्या आसपासचा, म्हणजे फूजियान प्रांतातल्या छांगल, ल्येनज्यांग या भागांतला. १९८० च्या दशकापासून यातले बरेच जण दलालाला पैसे देऊन आले. १९९३ साली २८६ जणांना घेऊन न्यूयॉर्कच्या रॉकअवे किनाऱ्यावर रुतलेल्या 'गोल्डन व्हेंचर' जहाजावर माणशी भाव ३०,००० डॉलरच्या घरात होता. ते कर्ज हॉटेलच्या भटारखान्यात फेडायचं. ही आई जेव्हा 'डॉक्टर हो' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मानमरातब नसतो, उभं राहून सुजलेले पाय असतात.

शेवटचा गट २००० नंतर तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांवर आलेल्यांचा. मराठी वाचकांना हा सर्वांत ओळखीचा, कारण त्याच शाळांत आपलीही मुलं आहेत.

घाटमाथा

उत्तम सुरुवात. चीनमधल्या शिक्षणव्यवस्थेबद्दल लिहितो, कारण आईच्या डोक्यातला नकाशा तिथे तयार झालेला असतो आणि तो अमेरिकेला लागू पडत नाही.

गाओकाओ, म्हणजे कॉलेजप्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीत बंद पडली आणि १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी सुमारे ५७ लाख जण बसले आणि २.७ लाखांना जागा मिळाली, शंभरात पाचसुद्धा नाहीत. १९९९ पासून जागा झपाट्याने वाढल्या, पण त्याच्या आदल्या वर्षीसुद्धा तिघांत एकालाच प्रवेश होता. आज ज्यांच्या मुली हायस्कूलमध्ये आहेत त्यातल्या बऱ्याच आया याच काळातल्या.

यात हुकोऊ जोडा. हा जन्मगावाशी बांधलेला वास्तव्याचा दाखला. खेड्यातल्या मुलीला शहराचा दाखला मिळवण्याचे जे थोडे मार्ग होते त्यात कॉलेजप्रवेश हा सर्वांत पक्का. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पदवीधरांना सरकार नोकरीही नेमून देत असे. म्हणजे एका परीक्षेने गाव, नोकरी, रेशन, पुढच्या पिढीची शाळा, सगळं ठरायचं. त्या बाईला 'आई, एका परीक्षेने काय होतंय' हे वाक्य ऐकवू नका. तिच्या आयुष्यात एका परीक्षेनेच सगळं झालेलं आहे.

न्यूयॉर्कमध्ये दुर्दैवाने या समजाला खतपाणी घालणारी परीक्षा आहेच. स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक धरून आठ सरकारी हायस्कुलांत प्रवेश एकाच परीक्षेच्या गुणांवर होतो. मूळच्या तीन शाळांसाठी तर १९७१ पासून राज्याचा कायदाच तसा आहे. फ्लशिंगमधले शिकवणीवर्ग सहावीपासून याच परीक्षेवर चालतात. परीक्षा हुकली की घरात सुतक. अशा वेळी आईला पर्यायांची नावं लागतात, धीर नंतर. क्वीन्समधलं टाउनसेंड हॅरिस गुणपत्रकावर प्रवेश देतं, लाग्वार्डिया हायस्कूल कलाचाचणीवर. निकाल येण्याआधीच पर्यायी शाळांची यादी लिहून आईच्या हातात द्यायची, पण मुलीने नव्हे. शाळेच्या समुपदेशकाने दिली तर तिला वजन येतं. मुलीने दिली तर आईला वाटतं ही आधीच हरली.

पिंपळपान

दोन्ही प्रतिसाद आईच्या बाजूने झुकलेत. आईचा इतिहास कळला म्हणून मुलीवर होणारा मारा कमी होत नाही.

सू-यंग किम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापलेला अभ्यास बघा. उत्तर कॅलिफोर्नियातली ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबं, आठ वर्षांत तीनदा पाहणी. पालकांचे चार प्रकार निघाले: आधार देणारे, 'वाघीण' प्रकारचे, सैल सोडणारे आणि नुसते कठोर. सर्वांत मोठा गट आधार देणाऱ्यांचा होता, म्हणजे 'चिनी आई म्हणजे वाघीण' हे समीकरणच चुकीचं. आणि वाघीण गटातल्या मुलांचे मार्क आधार देणाऱ्यांच्या मुलांपेक्षा कमी होते, खिन्नता जास्त होती. ज्या मार्कांसाठी हे सगळं चालतं तेच हातचे जातात.

यात महत्त्वाची बाब अशी की वाघीण गटातल्या आया मायाही करतात, कारणंही समजावतात, लक्षही ठेवतात. त्याच्या जोडीला त्या मुलीला लाजवतात. आईला 'अपेक्षा कमी करा' सांगून काही होत नाही, ती ऐकणार नाही. 'लाजवणं बंद करा, बाकी चालू ठेवा' हे मात्र ती ऐकू शकते, कारण त्यात तिची शिस्त शाबूत राहते. पहिलं कलम हेच ठेवा: दुसऱ्याच्या मुलीशी तुलना नाही, नातेवाइकांसमोर मार्कांची चर्चा नाही, आणि वीचॅटच्या (चिनी लोकांचं निरोपांचं ॲप) पालकगटात मुलीचं नाव नाही.

कोरांटी

@पिंपळपान, पूर्ण मान्य. त्याला एक जोड देते. मानसशास्त्रज्ञ रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवलं की पाश्चात्त्य प्रश्नावलीत 'नियंत्रण' म्हणून जे मोजलं जातं ते चिनी आईच्या लेखी काळजी आणि वळण लावणं यापासून वेगळं नसतं. त्यामुळे शाळेतून 'तुम्ही फार नियंत्रण ठेवता' असं पत्र गेलं की आई त्याचा अर्थ 'तुम्ही मुलीची फार काळजी घेता' असा लावते आणि ते कौतुक समजून पुढे चालू ठेवते. पत्रात वागणूक लिहा: 'रात्री बारानंतर अभ्यासाला बसवू नका', 'शिक्षकांसमोर तिला आळशी म्हणू नका'.

नदीकाठ

समाजसेवेच्या बाजूने दोन विषय. दोन्हींकडे सपशेल दुर्लक्ष होतं.

पहिला, फूजौकडच्या कुटुंबांतल्या धाडून दिलेल्या बाळांचा. आईबाप दोघंही हॉटेलात बारा-बारा तास, पाळणाघर परवडत नाही, म्हणून काही महिन्यांचं बाळ आजी-आजोबांकडे गावी पाठवतात आणि शाळेचं वय झालं की चार-पाच वर्षांची मुलगी परत आणतात. तिच्या लेखी आजी हीच आई असते. न्यूयॉर्कमध्ये उतरते तेव्हा एक अनोळखी बाई तिला अक्षरं गिरवायला बसवते. पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी जे भांडण अपेक्षांचं म्हणून दिसतं त्याचं मूळ इथे असतं. ही माहिती कोणी आपणहून सांगत नाही, विचारावी लागते: 'पाच वर्षांची होईपर्यंत ती कोणाजवळ होती?'

लहान मुलगी परत येणार असेल तर: येण्याआधी काही महिने ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, त्यात आजीने आईला 'तुझी आई' म्हणून पुढे करायचं. आल्यावर आजीचे कॉल एकदम तोडायचे नाहीत, ही सर्वांत जास्त होणारी चूक. आईला वाटतं आजीचा आवाज बंद झाला की मुलगी आपली होईल. मुलीला दुसऱ्यांदा आई गेल्यासारखं होतं. पहिले काही महिने शिकवणी नाही. आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी आईने तिच्यासोबत एक काम करायचं, बाजार किंवा स्वयंपाक, पण गृहपाठ नाही. झोप, अंथरूण ओलं करणं, गप्प राहणं यावर शाळेने लक्ष ठेवायचं आणि 'इंग्रजी येत नाही म्हणून गप्प आहे' एवढ्यावर सोडून द्यायचं नाही.

मुलगी मोठी झाली असेल तर हा विषय आईच्या माफीपासून सुरू करू नका. तिने ते पोटासाठी केलं आणि ती माफी मागणार नाही. त्या वर्षांचा हिशोब तिने नुसता सांगावा: कोणत्या गावात काम होतं, किती तास, कर्ज किती राहिलं होतं. मुलीला बहुतेक वेळा हे कधीच सांगितलेलं नसतं.

दुसरा विषय दुभाषाचा. आईला इंग्रजी येत नाही म्हणून मुलगी लहानपणापासून वीजबिल, बँक, डॉक्टर सगळीकडे बोलते, आणि मग स्वतःच्याच पालकसभेत तिला स्वतःबद्दलचं भाषांतर करायला बसवतात. ती वाईट ते गाळते, हे उघड आहे. नंतर आईला खरं कळलं की 'खोटारडी' हा शिक्का बसतो. असं करायची गरज नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली शाळेने पालकांशी त्यांना समजेल अशा भाषेत बोलणं बंधनकारक आहे. शाळांमधल्या भाषाहक्कांचा पाया घालणारा १९७४ चा 'लाउ विरुद्ध निकोल्स' निकाल सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्याच खटल्यात लागला होता. दवाखान्यात तर जिवावरची तातडी सोडली तर अल्पवयीन मुलाला दुभाषा म्हणून वापरायला मनाई आहे.

शब्दवेल्हाळ

खूप माहितीपूर्ण. एक प्रश्न: दुभाषा मागताना नुसतं 'चायनीज' लिहिलं तर चालतं का?

नदीकाठ

@शब्दवेल्हाळ, अजिबात नाही, आणि सभा इथेच फसतात. मँडरिन, कॅन्टनीज, फूजौ बोली, थायशान बोली या एकमेकींत कळत नाहीत. फूजौच्या तरुण आईला मँडरिन चालतं, आजीला नाही. अर्जात बोली स्पष्ट लिहा. छापील पत्र असेल तर मुख्य भूमीतल्यांना सोपी लिपी, हाँगकाँग-तैवानवाल्यांना पारंपरिक. जमलं तर आईच्या ओळखीचा दुभाषा टाळा. त्याच वस्तीतला असेल तर आई तोंड उघडणार नाही, इज्जतीचा प्रश्न असतो. फोनवरचा दूरच्या गावचा दुभाषा अशा वेळी बरा. आणि सभेत बोलताना आईकडे बघून बोला, दुभाष्याकडे नाही.

घरात दोघींची भाषा तुटलेली असते, त्यावरही काम करावं लागतं. मुलीची चिनी स्वयंपाकघरापुरती, आईची इंग्रजी दुकानापुरती. 'खिन्नता', 'मोकळीक' असे शब्द दोघींत सामाईक नसतात. मुलीने इंग्रजी वाक्य यंत्रातून भाषांतरित करून वीचॅटवर टाकलं की ते उद्धट वाटतं. त्यापेक्षा छोटं, विचारणारं वाक्य: 'मा, वो श्यांग गन नी शांगल्यांग ई श्या', म्हणजे आई, मला तुझ्याशी सल्लामसलत करायचीय. दार उघडायला एवढं पुरतं.

टपालपेटी

शाळेच्या बाजूने एक साधन देतो: आठवड्याच्या १६८ तासांचा कागद. 'मी थकले' हे वाक्य आईपुढे टिकत नाही, कारण आई तिच्याहून जास्त थकलेली असते. आकडे टिकतात.

अकरावीतल्या मुलीचा नमुना हिशोब. झोप रोज साडेआठ तास, म्हणजे ५९.५ (१३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास सांगितलेत, त्यामुळे हे चैनीत धरलेलं नाही). शाळा ३५. प्रवास ७.५. जेवण, अंघोळ, आवराआवर १४. उरले ५२. पाच एपी विषय (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे विषय), प्रत्येकी गृहपाठ ५ तास, म्हणजे २५. उरले २७. शनिवारची चिनी शाळा आणि तिचा गृहपाठ ५, व्हायोलिनचा तास आणि सराव ७, एसएटीची (कॉलेजप्रवेशाची परीक्षा) शिकवणी आणि तिचा अभ्यास ८, स्वयंसेवा ३. उरले ४ तास, आणि त्यात घरकाम, धाकट्या भावाचा अभ्यास, मित्रमैत्रिणी, आजारपण सगळं. प्रत्यक्षात हे चार तास झोपेतून वसूल होतात.

कागद मुलीने एकटीने भरायचा नाही. दोन आठवडे खरी नोंद ठेवायची, मग आईसोबत बसून भरायचा, आणि आईला एकच विचारायचं: 'यातलं काय काढू?' आईनेच काढलं पाहिजे. मुलीने व्हायोलिन सोडलं तर तो पराभव असतो. आईने व्हायोलिनपेक्षा रसायनशास्त्र महत्त्वाचं ठरवलं तर तो निर्णय असतो. कॅलिफोर्नियात असाल तर एक माहिती जवळ ठेवा: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा प्रवेश ठरवताना एसएटी बघतच नाहीत. मुलगी फक्त तिथेच अर्ज करणार असेल तर आठ तास तिथल्या तिथे मोकळे होतात.

कागद कधी दाखवायचा? गुणपत्रक आलेल्या आठवड्यात नाही. मावश्या-काका जेवायला आलेत तेव्हा नाही. आई कामाची पाळी संपवून आली त्या रात्री नाही. गाडीत किंवा चालताना बरं पडतं, कारण समोरासमोर नजर भिडत नाही. वीस मिनिटं, एकच विषय, आणि उत्तर लगेच मागायचं नाही. 'पुढच्या रविवारी सांग' म्हणायचं. तिथल्या तिथे होकार मागितला की नकारच येतो.

घाटमाथा

टपालपेटींचा कागद जपून ठेवण्यासारखा. विषयनिवडीबद्दल माझं राहिलं होतं.

चीनमध्ये परीक्षेनंतर जो अर्ज भरतात त्यात कॉलेज आणि शाखा एकदमच ठरते, आणि नंतर शाखा बदलणं कठीण. डॉक्टरकीसुद्धा बारावीनंतर थेट, पाच वर्षांची. म्हणून मुलगी 'इतिहास घेते' म्हणाली की आईच्या मनात वैद्यकाचं दार त्या क्षणी बंद होतं. अमेरिकेत तसं नाही, आणि दोघींपैकी कोणीही हे नीट मांडलेलंच नसतं. इथे वैद्यक पदवीनंतर: चार वर्षं पदवी, चार वर्षं वैद्यकीय, मग तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. पदवीचा विषय कोणताही चालतो. जीवशास्त्र, दोन प्रकारचं रसायनशास्त्र (सामान्य आणि सेंद्रिय), भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसह, बहुतेक ठिकाणी जीवरसायन, आणि एमकॅट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, एवढं केलं की इतिहासवाली मुलगीही अर्ज करते. कायदाही पदवीनंतर तीन वर्षांचा. अर्ध्या घरांत वादाचा जोर इथेच उतरतो.

संगणकाचं मात्र उलटं आहे. बऱ्याच मोठ्या सरकारी विद्यापीठांत दुसऱ्या विषयात शिरून नंतर संगणकशास्त्रात उडी मारणं फार अवघड करून ठेवलंय. 'आधी आवडीचं घेते, मग बघू' हे आश्वासन मुलीने देऊ नये, ते पाळता येणार नाही आणि पुन्हा विश्वास जाईल.

पगाराबद्दल आई जे म्हणते ते वीचॅटवरचं असतं. त्याला उत्तर म्हणून अमेरिकी शिक्षण खात्याचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' उघडा. त्यात त्याच कॉलेजच्या त्याच विषयातल्या पदवीधरांची मधली कमाई दिसते. आकडे मुलीच्या विरुद्ध गेले तरी दाखवा.

आणेपै

धागा वाचतेय आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अजून आली नाही असं वाटतंय: पैसा. मुलीच्या शिक्षणाचा नाही, आईच्या म्हातारपणाचा.

ज्या आईने वीस वर्षं हॉटेलात, नखांच्या दुकानात, घरकामात रोख पगारावर काढली, तिच्या नावावर सोशल सिक्युरिटीची (अमेरिकेची सरकारी निवृत्तिवेतन योजना) नोंद नसते किंवा अर्धवट असते. निवृत्तिवेतनाला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त ४, म्हणजे किमान दहा वर्षं. २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलरची नोंदलेली कमाई लागत होती, चारांना ७,२४०. नोंद नाही तर निवृत्तिवेतन नाही. मेडिकेअरचा (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) रुग्णालयाचा भागही फुकट नाही. ६५ व्या वर्षी तो विकत घ्यायचा तर २०२५ चा दर महिना ५१८ डॉलर होता, ३० ते ३९ क्रेडिट असतील तर २८५. नवऱ्याची ४० पूर्ण असतील तर त्याच्या नोंदीवर तो फुकट मिळू शकतो, हे आधी तपासा.

आता तिच्या जागी उभं राहून बघा. गावाकडे परत जायचं तर तिथला दाखला जुना, भाऊबहीण म्हातारे. १९८० नंतर शहरी घरात जन्मलेली असेल तर १९८० ते २०१५ च्या एक-मूल धोरणामुळे स्वतः आईबापांची एकटीच, तिकडेही कोणी नाही. इथे एक मुलगी. मग मुलीची पदवी, मुलीचा पगार, मुलीचा नवरा आणि मुलगी किती अंतरावर राहते, या चारांवर तिचं म्हातारपण उभं आहे. हे ती बोलत नाही, कारण मुलीपुढे हात पसरल्यासारखं होईल. बोलते काय, तर 'डॉक्टर हो, जवळ राहा, वेळेत लग्न कर'. मुलीला ऐकू येतं 'तू पुरेशी नाहीस'. आईच्या निवृत्तीचं नियोजन झाल्याशिवाय ही अपेक्षा हटत नाही, समुपदेशन कितीही करा. तैवानमधल्या ये आणि बेडफर्ड यांनी २००३ मध्ये मातृपितृधर्माचे दोन भाग मांडले: मायेतून येणारा आणि हुकमातून येणारा. हुकूम बराचसा या भीतीवर पोसलेला असतो असं माझं ठाम मत आहे.

करायचं काय:

आईचं सोशल सिक्युरिटी खातं उघडून वर्षवार कमाईची नोंद छापून घ्या. शून्य असलेली वर्षं खुणा करा. स्वतःच्या धंद्याची कमाई असेल आणि विवरणपत्र भरलं नसेल तर ते वर्ष संपल्यापासून ३ वर्षं ३ महिने १५ दिवसांच्या आत भरावं लागतं, नंतर ती कमाई सहसा जमा होत नाही. म्हणून हे आज करा. ५० वर्षांच्या आईकडे १५ वर्षं आहेत, ४० क्रेडिट सहज होतात. ६३ व्या वर्षी जाग आली तर होत नाहीत. स्वतःच्या धंद्यात कराचा भाग १५.३ टक्के जातो म्हणून आई कुरकुरेल. त्याच्या बदल्यात महिन्याचं किती येईल तो आकडा त्याच खात्यावर दिसतो, तो तिला दाखवा.

नागरिकत्वाचं बघा. ग्रीनकार्डवर २० वर्षं आणि वय ५०, किंवा १५ वर्षं आणि वय ५५ असेल तर इंग्रजीची अट नाही, नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्यासह आपल्या भाषेत देता येते. गरीब वृद्धांसाठीच्या काही मदती नागरिकांना फार सोप्या मिळतात. मात्र चीनचा १९८० चा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे तिकडचं घर, निवृत्तिवेतन यांची आधी चौकशी. कागदपत्रंच नसतील तर यातलं काहीही करण्याआधी स्थलांतराच्या वकिलाकडे जा.

शब्दवेल्हाळ

आणेपै, हे वाचून दृष्टीच बदलली. पण उलट्या बाजूचं विचारतो: आई म्हणाली 'संगणक घेतला नाहीस तर फीमदतीच्या फॉर्मवर सही करणार नाही', तर मुलीच्या हातात काय आहे?

आणेपै

फार थोडं, आणि हे मुलीला आधीच माहीत हवं. सरकारी फीमदतीच्या फॅफ्सा अर्जात २४ वर्षांखालची अविवाहित मुलगी बहुधा आईबापांवर अवलंबून धरली जाते. लग्न, सैन्य, पदव्युत्तर शिक्षण, अनाथ असणं असे मोजके अपवाद. आईने स्वतःचं खातं उघडून संमती द्यावी लागते. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी आता खातं उघडता येतं. आईने नुसता नकार दिला म्हणून कॉलेज मुलीला स्वतंत्र ठरवत नाही. पहिल्या वर्षी फार तर ५,५०० डॉलरचं, शिकतानाच व्याज चढणारं कर्ज मिळतं, बाकी काही नाही. घरात मारहाण, हाकलून देणं असं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा शाळेच्या समुपदेशकाचं किंवा समाजसेवकाचं लेखी पत्र घेऊन फीमदत कार्यालयाकडे जायचं.

म्हणून क्रम असा ठेवा: अर्ज साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, तेव्हाच संमतीचं काम उरकून घ्या. विषयावरचा वाद त्यानंतर. मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजांची मदतपत्रं आली की खरे आकडे समोर असतात. मदत चांगली आली तर आईचा सूर पुष्कळदा मऊ होतो, कारण निम्मी भीती कर्जाची असते.

पिंपळपान

१८ वर्षं पूर्ण झाल्यावरचं लिहितो. कॉलेजात गेल्यावर मार्कांच्या नोंदीवरचा हक्क मुलीकडे जातो, आईला फोन करून मार्क मिळत नाहीत. (आईच्या करविवरणात मुलगी अवलंबून असेल तर कॉलेज देऊ शकतं, पण सक्ती नाही.) मग आई पासवर्ड मागते. देऊ नका, पण नुसतं 'नाही'ही म्हणू नका. बहुतेक कॉलेजांत फी भरणाऱ्यासाठी वेगळा मर्यादित प्रवेश असतो, तो द्या. सत्राअखेर मार्क स्वतः पाठवायची तारीख ठरवा आणि ती चुकवू नका.

समुपदेशकाकडे जायचं असेल तर कॉलेजच्या केंद्रात शक्यतो विम्याला बिल जात नाही. बाहेर गेलात आणि विमा आईच्या नावावर असेल (२६ वर्षांपर्यंत राहता येतं) तर खर्चाचा तपशील घरी टपालाने जातो. तो आपल्या पत्त्यावर पाठवा अशी लेखी विनंती विमा कंपनीला आधी करा. चिनी भाषेत बोलणारे डॉक्टर-समुपदेशक हवे असतील तर न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स बी. वँग केंद्र आणि हॅमिल्टन-मॅडिसन हाउस, सॅन फ्रान्सिस्कोत रॅम्स ही संस्था. आई मनोविकाराच्या नावाला बिचकत असेल तर 'झोप लागत नाही, डोकं दुखतं' म्हणून नेहमीच्या डॉक्टरकडून सुरुवात होऊ शकते. आणि मुलगी मरणाची भाषा करत असेल तर वरचं सगळं बाजूला. ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनवर फोन, दुभाषा मिळतो.

टपालपेटी

कुपर्टिनो-फ्रेमाँटच्या मराठी पालकांसाठी एक. तुमच्या मुलीची चिनी मैत्रीण सल्ला मागायला आली तर आपल्या घरचा तोडगा तसाच पुढे करू नका. आपल्याकडे आईमुलीचं भांडण इंग्रजी-मराठी मिसळून पूर्ण होतं, शेवटपर्यंत बोललं जातं. तिच्या घरात ते अर्ध्यात भाषा संपली म्हणून थांबतं. आणि तिच्या आईकडे निरोप घेऊन जाऊ नका. बाहेरच्याला कळलं हेच नवं भांडण होईल. मध्यस्थ लागलाच तर आईची बहीण किंवा आईची जुनी वर्गमैत्रीण.

शब्दवेल्हाळ

शेवटचा प्रश्न, आणेपैंना. आईच्या कमाईच्या नोंदी बघायला मुलीने सुचवलं तर आई चिडणार नाही का? 'माझ्या मरणाची तयारी करतेस' म्हणेल.

आणेपै

म्हणू शकते. म्हणून सुरुवात तिच्यापासून नको, कराच्या हंगामापासून करा. फेब्रुवारीत विवरणपत्राचे कागद काढलेलेच असतात. मुलीने म्हणावं, 'फॉर्म भरतेच आहे, तुझी नोंदही एकदा बघून घेऊ, चूक असेल तर तुझेच पैसे जातील.' चूक शोधणं आणि पैसे वाचवणं यावर ती बसते. नावाच्या स्पेलिंगमुळे कमाई दुसरीकडे अडकणं हे चिनी नावांत होतं, आडनाव आधी की नंतर यावरून. त्यामुळे शोधण्यासारखं खरंच काही असतं. जुने पगारपत्रकाचे कागद, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा मालकाने दिलेला दाखला) असतील ते सोबत ठेवा. दुरुस्तीला तेच लागतात.